लेथवर मोठं भोक पाडायला बिट कसा निवडायचा

लाकूड फिरवून कातायच्या लेथ यंत्रावर साध्या दांड्या, मुठी आणि लट्टू कातून हात बसला की मिरीची गिरणी, मेणबत्तीचा स्टँड, झाकणाचा डबा, काचेची नळी बसवलेली फुलदाणी असल्या वस्तू खुणावू लागतात. या सगळ्यांच्या पोटात एक मोठं भोक असतं आणि नवख्याचं घोडं नेमकं तिथेच अडतं. पेटीभर बिटांचा संच आणला जातो, त्यातला सगळ्यात जाडा बिट टेलस्टॉकला (लाकडासमोरच्या, न फिरणाऱ्या सरकत्या टोकाला) लागतो, आणि मग धूर, किंचाळणं, काळं पडलेलं भोक.

माझं मत आधीच सांगून टाकतो: संच घेऊ नका. करायच्या वस्तूला लागतील त्या मापाचे दोन-तीन चांगले बिट घ्या. आणि साधारण 50 मिमीच्या पुढचं भोक ड्रिलने पाडायच्या फंदात पडू नका, ते हत्याराने पोखरून मोठं करा. या लेखात मोठं भोक म्हणजे 20 मिमी ते 50 मिमी.

आधी आत बसणारी वस्तू मोजा

बिटाचं माप ठरतं ते आत काय बसणार त्यावरून. गिरणीची यंत्रणा, पितळी नळी, काचेची नळी, मेणबत्तीची पत्र्याची वाटी, जे काही बसवायचं ते आधी हातात घ्या आणि व्हर्निअरने मोजा. पाकिटावर छापलेल्या मापावर विसंबू नका.

इथे इंच आणि मिमीचा घोळ फार होतो. एक इंच म्हणजे 25.4 मिमी. एक इंची नळीसाठी 25 मिमीचा बिट वापरला तर 0.4 मिमी कमी पडतात आणि नळी तोंडाशीच अडते. उलट काही मापं सुदैवाने जुळतात: 1 1/16 इंच, म्हणजे सुतारी मापात एक इंच अर्धा सूत, हे जवळपास 27 मिमी भरतं आणि 1 3/8 इंच जवळपास 35 मिमी. 35 मिमीचा बिट सगळीकडे सहज मिळतो, कारण कपाटाच्या दाराला आतून बसणाऱ्या बिजागरीच्या वाटीचं तेच माप आहे.

चपट्या मेणबत्तीची पत्र्याची वाटी साधारण 38 मिमीची असते, तिला 40 मिमीचं भोक सुटसुटीत होतं. 25 मिमीच्या काचेच्या नळीला 26 किंवा 27 मिमी ठेवा. हवामानाप्रमाणे लाकूड आकुंचन पावतं, काच पावत नाही. घट्ट बसवलेली नळी काही महिन्यांनी आपोआप तडकते ती यामुळे.

तंतू कोणत्या दिशेला आहेत

हा प्रश्न बहुतेकजण विचारतच नाहीत. खरं तर बिटाची जात यावरच ठरते.

गिरणी, फुलदाणी, उभा स्टँड यांत लाकडाचे तंतू लेथच्या अक्षाला समांतर असतात. त्यामुळे बिट तंतूंच्या टोकांवर चालतो. प्रत्येक तंतू आडवा कापावा लागतो, ताकद जास्त लागते, उष्णता जास्त होते आणि भुसा बारीक, दाट निघतो. वाडगा किंवा पसरट तबकडीत तंतू अक्षाला आडवे असतात. तिथे बिट तंतूंच्या कुशीत शिरतो, कातळ्या लांब निघतात, काम हलकं होतं. पण भोकाच्या कडेचे तंतू आधी नीट कापले गेले नाहीत तर ते उचकटून कड फाटते.

म्हणून तंतूंच्या टोकांवर दातेरी कडेचा बिट बरा, आणि आडव्या तंतूंत सलग, गुळगुळीत कडेचा. का, ते आता बघू.

बिटांच्या जाती

फोर्स्टनर बिट हा या कामाचा मुख्य गडी. बेंजामिन फोर्स्टनर या अमेरिकन बंदूक-कारागिराने 1874 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. गिरमिटासारखा स्क्रू पुढे नसताना, फक्त बाहेरच्या कडेच्या आधाराने बिट सरळ चालवायचा, ही त्यामागची कल्पना. आजच्या फोर्स्टनरमध्ये तीन भाग बघायचे: मधलं छोटं टोक, बाहेरची वर्तुळाकार कड आणि पटाशीसारखी दोन पाती. कड आधी वर्तुळ कोरते आणि पाती त्या वर्तुळातलं लाकूड सोलून काढतात. भोकाचा तळ जवळजवळ सपाट येतो, भिंत स्वच्छ येते.

सलग कडेच्या बिटात ती कड सतत लाकडाला घासत राहते. आडव्या तंतूंत हे चालतं, कारण तंतू कापण्याचं काम तीच करते. तंतूंच्या टोकांवर मात्र तिला फारसं कामच उरत नाही आणि ती नुसती तापते. दातेरी कडेच्या बिटाला लाकूड कमी ठिकाणी टेकतं, दातांमधल्या फटींतून भुसा सुटतो, उष्णता कमी होते. लेथवर बहुतेक मोठी भोकं तंतूंच्या दिशेने पडतात. एकच प्रकार घ्यायचा असेल तर 25 मिमीच्या पुढे दातेरी घ्या.

धातूही बघून घ्या. स्वस्त संचातले बिट साध्या कार्बन पोलादाचे असतात. 200 अंश सेल्सिअसच्या पुढे त्यांचा कठीणपणा ढळू लागतो, आणि 300 च्या आसपास कडेवर निळी झाक दिसली की ती धार गेली म्हणून समजा. हायस्पीड स्टील जवळपास 600 अंशांपर्यंत टिकून राहतं. कार्बाइडच्या टोकांचे बिट कठीण, राळयुक्त लाकडात पुष्कळ दिवस धार धरतात, पण ते ठिसूळ असतात आणि साध्या पोलादी कानशीने त्यांना धार लावता येत नाही. सुरुवातीला हायस्पीड स्टीलचा दातेरी बिट पुरेसा आहे.

चपटा बिट, ज्याला स्पेड बिट म्हणतात, त्याला नाकं मुरडू नका. तो कापण्यापेक्षा खरवडतो जास्त, भिंत खडबडीत येते, लांब टोकामुळे तळाला खोल खड्डा पडतो. पण त्याची दांडी बारीक असल्याने भुशाला बाहेर यायला भरपूर जागा मिळते, आणि खोल, आत लपणाऱ्या भोकात कोणी भिंत बघत नाही. शिवाय 26.3 मिमीसारखं अडनिडं माप हवं असेल तर मोठ्या चपट्या बिटाच्या दोन्ही कडा सारख्या घासून तो त्या मापावर आणता येतो. दुसऱ्या कोणत्याही बिटाला ही सोय नाही.

ट्विस्ट ड्रिल, म्हणजे धातूकामाचा पिळाचा ड्रिल, 25 मिमीपर्यंत खोल भोकांना चांगला. पिळातून भुसा बाहेर येत राहतो. टोकाचा कोन बहुधा 118 अंशांचा असतो, त्यामुळे तळ शंकूसारखा येतो आणि सुरुवातीला टोक भरकटतं. आधी छोट्या, ताठ सेंटर ड्रिलने खळगा करून घेतला तर सरळ जातो. मोठे ट्विस्ट ड्रिल मोर्स टेपरच्या, म्हणजे ठरावीक उताराने निमुळत्या होत जाणाऱ्या दांडीसह मिळतात, ते थेट टेलस्टॉकमध्ये बसतात.

होलसॉ, म्हणजे कडेला दाते असलेली वाटीसारखी करवत, फक्त पातळ चकत्यांना. खोल भोकात मधला गाभा आत अडकून बसतो आणि तो काढताना वैताग येतो.

आता लेथवर काय लावायचं नाही ते. पुढे स्क्रू असलेलं गिरमिट लावू नका. स्क्रू लाकडात धरला की तो स्वतःच पुढे खेचत जातो, तुम्ही टेलस्टॉकचं चाक किती वेगाने फिरवता याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, आणि बिट धरणारा चक टेलस्टॉकमधून उपटला जातो. गिरमिटच वापरायचं असेल तर स्क्रूचे आटे कानशीने घासून गुळगुळीत शंकू करा. नळकाम करणाऱ्यांचे स्वतःच आत खेचले जाणारे मोठे सेल्फ-फीड बिटही याच कारणाने बाद. माप कमी-जास्त होणारा एकपाती बिट हातड्रिलसाठी आहे. तो एका बाजूनेच कापतो, लेथवर त्याचं कामच नाही.

पकड आणि रेष

बिट कितीही चांगला असला तरी टेलस्टॉक हेडस्टॉकच्या (लाकूड फिरवणाऱ्या टोकाच्या) रेषेत नसेल तर भोक मापापेक्षा मोठं आणि तोंडाशी पसरट होतं. तपासायची पद्धत सोपी: हेडस्टॉकमध्ये टोकदार सेंटर (लाकडाला मध्यावर टेकवायची टोकदार दांडी), टेलस्टॉकमध्येही टोकदार सेंटर, आणि दोन्ही टोकं एकमेकांना भिडवा. वरून बघा, मग बाजूने बघा. दोन्हीकडून टोकाला टोक लागलं पाहिजे.

ड्रिल चकची दांडी टेलस्टॉकच्या टेपरमध्ये नुसत्या घर्षणाने धरते. लहान लेथला हा टेपर मोर्स 1 किंवा 2 असतो, उतार साधारण 20 ला 1. तेलाचा थर किंवा भुशाचा एक कण मध्ये राहिला तरी पकड अर्धी होते. दोन्ही पृष्ठभाग कोरड्या फडक्याने पुसा आणि चक झटक्याने आत बसवा. बिट चकमध्ये धरताना किल्ली तिन्ही छिद्रांत फिरवून आवळा. मोठ्या बिटाच्या दांडीला तीन सपाट बाजू असतील तर चकचे जबडे त्यांवर बसवा, म्हणजे बिट घसरणार नाही. किल्ली लगेच काढून खिशात. बऱ्याच ड्रिल चकची तोंडं 13 मिमीपर्यंतच उघडतात, बिट घेताना त्याची दांडी बघून घ्या.

लाकूड हेडस्टॉकवरच्या चार जबड्यांच्या चकमध्ये, त्याच्या टोकाला नीट कातलेल्या खुंटीवर धरा. ड्रिलचा जोर हेडस्टॉककडे जातो, त्यामुळे आत जाताना पकड टिकते. लाकूड ओढलं जातं ते बिट बाहेर काढताना. 200 मिमीच्या पुढची लांबी असेल तर स्टेडी रेस्टचा (फिरत्या लाकडाला मध्ये टेकू देणाऱ्या चौकटीचा) आधार द्या.

फेरे किती

ड्रिलिंग मशीनवर बिट फिरतो, इथे लाकूड फिरतं. लाकूड स्वतःच्या अक्षाभोवती फिरत असल्याने भोक मध्यावर राहायला मदत होते. पण कडेचा वेग दोन्हीकडे तसाच मोजायचा. 12 मिमीचा बिट मिनिटाला 2000 फेऱ्यांवर चालवला तर कडेला लाकूड मिनिटाला जवळपास 75 मीटर सरकतं. 50 मिमीच्या बिटाला तेवढंच अंतर 500 फेऱ्यांत होतं. म्हणून बिट जाडा तसे फेरे कमी. कठीण लाकडात 25 मिमीला मिनिटाला 500 ते 700, आणि 35 ते 50 मिमीला 250 ते 500. काही लहान लेथ 500 च्या खाली उतरतच नाहीत. अशा यंत्रावर 40 मिमीच्या पुढे जाऊ नका.

कातळी काय सांगते ते बघा. सुटसुटीत तुकडे पडत असतील तर वेग आणि जोर ठीक. तपकिरी पीठ पडू लागलं, वास आला, तर थांबा: एकतर बिट बोथट आहे किंवा तुम्ही फार हळू दाबताय. नुसतं टेकवून ठेवलेला बिट कापत नाही, घासतो. फार तापलं की भोकाच्या भिंतीत केसासारख्या चिरा पडतात, आणि त्या पॉलिश लावल्यावरच दिसतात.

प्रत्यक्ष काम: मिरीच्या गिरणीचं धड

समजा यंत्रणेला तळाशी 40 मिमी रुंद, 12 मिमी खोल खाच हवी आहे आणि त्याच्या आत 27 मिमीचं आरपार भोक. (तुमच्या यंत्रणेबरोबर आलेली मापं वेगळी असतील, तीच धरा.)

1. लाकूड गोल करून चकमध्ये धरा आणि पुढचं तोंड काटकोनात सपाट करा. तोंड तिरकं असेल तर बिटाची एक बाजू आधी टेकते आणि बिट ढकलला जातो. मध्यावर हत्याराच्या टोकाने छोटा खळगा करा.

2. आधी 40 मिमी, मग 27 मिमी. हा क्रम उलटा करू नका. 27 चं भोक आधी पाडलंत तर 40 च्या बिटाच्या मधल्या टोकाखाली लाकूडच उरत नाही, आणि बिट कडेवर धडधडत बसतो. मोठा आधी चालवला की त्याच्या टोकाने तळाला पाडलेली खूण लहान बिटाला आपसूक मध्य दाखवते. आधी बारीक, मग जाडा, ही घरगुती ड्रिलची सवय फोर्स्टनरच्या बाबतीत मोडावी लागते.

3. टेलस्टॉक पुढे सरकवा, बिट लाकडापासून बोटभर लांब ठेवा, टेलस्टॉक लेथच्या पलंगाला, म्हणजे खालच्या रुळांना, घट्ट आवळा. यंत्र सुरू करा आणि चाक सावकाश पण सलग फिरवा. बिटाची कड पूर्ण वर्तुळात टेकली की तिथून खोली मोजायला सुरुवात. टेलस्टॉकच्या सरकत्या नळीवर मिमीच्या खुणा असतील तर त्या वापरा, नाहीतर बिटाच्या दांडीवर चिकटपट्टी गुंडाळा.

4. 27 मिमीचा बिट लावा. बिटाचं डोकं लाकडात पूर्ण शिरलं की भुशाला बाहेर पडायची वाट बंद होते. इथून पुढे दर 10-15 मिमीला बिट बाहेर काढून भुसा झाडायचा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा इलाज नाही.

5. बिट बाहेर काढतानाच अपघात होतात, म्हणून ही पायरी जरा सविस्तर. भुसा दाटला की बिट लाकडात धरला जातो. तुम्ही चाक उलटं फिरवता, टेपर सुटतो, आणि अख्खा ड्रिल चक लाकडाबरोबर गरागरा फिरू लागतो. त्यात भर म्हणजे बहुतेक लेथमध्ये टेलस्टॉकची नळी पूर्ण मागे घेतली की आतला टेपर आपोआप बाहेर ढकलला जातो, कारण सेंटर काढायची सोय तशीच केलेली असते. म्हणून नळी कधीही शेवटपर्यंत मागे घेऊ नका, 20-25 मिमी बाहेर राहू द्या. बिट मागे घेताना एका हाताने ड्रिल चक घट्ट धरून ठेवा. बिट अडकल्यासारखा वाटला तर आधी यंत्र बंद करा आणि मग काढा. नवख्याने तर प्रत्येक वेळी बंदच करावं. हातमोजे घालायचे नाहीत, सैल बाह्या नकोत, चेहऱ्यावर पूर्ण ढाल आणि नाकावर मास्क.

6. बऱ्याच फोर्स्टनर बिटांची एकूण लांबी 90 मिमीच्या आसपास असते. चक लाकडाला टेकायच्या आत एक्स्टेन्शनची दांडी जोडा. सुरुवातीपासूनच ती लावली तर लांब दांडी लवचते आणि भोक तिरकं सुरू होतं. आधीच्या सरळ भोकाने बिटाला आधार दिला की मग लवचिकपणाचा त्रास होत नाही.

7. अर्ध्याच्या थोडं पुढे गेलात की थांबा. आरपार जायचा मोह आवरा: पलीकडे चकचे जबडे आहेत, आणि बिट बाहेर पडताना त्या बाजूची कड फुटते ते वेगळंच. लाकूड उलटं धरा, खुंटी कापून तोंड सपाट करा आणि दुसऱ्या बाजूने येऊन मिळा. दोन भोकं मध्यावर पाव-अर्धा मिमी चुकली तर लाकडी दांडीला खरखरीत पॉलिश कागद गुंडाळून आतून फिरवा.

8. बाहेरचा आकार भोकानंतर कातायचा. दोन्ही तोंडांत शंकूच्या आकाराचे सेंटर बसवले की लाकूड आपोआप भोकाच्या अक्षावर फिरतं. मग भोक जरा तिरकं गेलं असलं तरी भिंत सगळीकडे सारख्या जाडीची येते.

तळ दिसणाऱ्या वस्तूंत, उदाहरणार्थ डब्यात, बिटाच्या मधल्या टोकाचा खड्डा राहतो. तिथे हव्या त्या खोलीच्या 4-5 मिमी आधीच थांबा आणि उरलेलं गोल नाकाच्या स्क्रेपरने (खरवडायच्या हत्याराने) काढा. तळाची जाडी मोजताना टोकाची लांबी धरायला विसरू नका. पातळ तळाचे डबे आरपार होतात ते या टोकामुळेच.

ओलं लाकूड वापरत असाल तर भोक आत्ताच मापाला पाडून उपयोग नाही. वाळताना ते अंडाकृती होणार. लहान मापाचं भोक पाडून लाकूड वाळू द्या आणि मग आतून कातून मापाला आणा.

ड्रिल कुठे थांबवायचं

60 मिमीचा बिट विकत मिळतो, म्हणून तो वापरायलाच हवा असं नाही. व्यास दुप्पट झाला की काढायचं लाकूड चौपट होतं, आणि ते सगळं एका वेळी, लेथच्या मोटरच्या जोरावर. अर्ध्या अश्वशक्तीच्या यंत्रावर पट्टा घसरतो किंवा लाकूड चकमध्ये फिरतं. 25 किंवा 30 मिमीचं भोक ठरलेल्या खोलीपर्यंत पाडा आणि तिथून पुढे स्क्रेपरने किंवा पोखरायच्या हत्याराने बाहेरच्या दिशेने या. ड्रिलने खोली मिळाली, मध्यावरचं लाकूड गेलं, आता हत्याराला आत शिरायला जागा आहे. मापही इथे तुमच्या हातात असतं, 58.5 मिमी हवं तर 58.5 मिमी. झाकण घट्ट बसवायच्या डब्याला तर हाच रस्ता, कारण बिटाच्या ठरावीक मापाला झाकण जुळवण्यापेक्षा भोक झाकणाला जुळवणं सोपं पडतं.

धार

फोर्स्टनरला धार लावणं अवघड आहे असा समज आहे, आणि त्यामुळे लोक बोथट बिटाने लाकूड जाळत राहतात. छोटी सपाट डायमंड कानस पुरते. दोन पात्यांची उतरती बाजू सारख्याच घासांनी घासा, म्हणजे दोघी सारखं कापतील. पाती कडेपेक्षा किंचित खाली राहायला हवीत, नाहीतर कड वर्तुळ कोरण्याआधीच पाती लाकूड उचकटतील. सलग कड आतून घासायची, दातेरी कडेचे दात समोरून बारीक तिकोनी कानशीने. कडेची बाहेरची बाजू मात्र कधीही घासू नका: तिथे एक घास मारला तरी व्यास कमी होतो, आणि 40 मिमीचा बिट पुन्हा कधी 40 चं भोक पाडत नाही.